अपग्रेड झालं, आता हात अडखळतायत: वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं आणि मेल एकाच विषयावरची आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्याच्या आगेमागे घराघरात आणि ऑफिसात कुणी ना कुणी विंडोज ११ बसवून दिली, आणि आता रोजची कामं करणारी माणसं म्हणतायत की माझं अमुक कुठे गेलं, तमुक का दिसत नाही. म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच देतेय. प्रश्न थोडे कापलेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत.

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगलीकडच्या एका पतसंस्थेत हिशोब बघते. आमचे सगळे पीसी कॉम्प्युटरवाल्याने रविवारी येऊन १० चे ११ केले. सोमवारी बघते तर खालची पट्टी मधोमध आलेली. माझ्या एकावेळी सहा-सात एक्सेल उघड्या असतात, खातेउतारा, रोजकीर्द, थकबाकी अशा, त्या आधी पट्टीवर नावासकट शेजारी शेजारी दिसायच्या, आता सगळ्यांचा मिळून एकच हिरवा चौकोन, त्याच्यावर माउस नेला की छोटी छोटी चित्रं येतात आणि त्यात सगळे तक्ते सारखेच दिसतात. काउंटरला माणूस उभा असतो हो. राइट क्लिक केलं तर कॉपी-पेस्ट सापडत नाही. आणि एका पीसीवर मी पट्टी डाव्या बाजूला उभी ठेवायचे, ते तर कुठेच नाही. साहेब म्हणतात होईल सवय. काय करू?

उत्तर: ताई, सवय करून घ्यायच्या आधी जे परत मिळतंय ते परत घेऊया. पट्टीवर मोकळ्या जागी राइट क्लिक करा, टास्कबार सेटिंग्ज येईल, ते उघडून खाली टास्कबार बिहेवियर्स आहे तिथे जा. सगळ्यात वर टास्कबार अलाइनमेंट, ते सेंटरचं लेफ्ट करा, स्टार्ट बटन परत डाव्या कोपऱ्यात. त्याच पानावर जरा खाली कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स असं एक आहे, त्यात नेव्हर निवडा. झालं, तुमच्या सगळ्या एक्सेल आपापल्या नावासकट वेगवेगळ्या दिसतील.

आता हे नेव्हर तुमच्याकडे दिसलंच नाही तर समजा की त्या पीसीवर ११ चीच जुनी आवृत्ती टाकलीय, मग विंडोज अपडेट चालवायला सांगा. कारण विंडोज ११ बाजारात आली ५ ऑक्टोबर २०२१ ला, आणि ही सोय तेव्हा काढून टाकलेली होती, ती परत यायला २०२३ उजाडलं. तसंच एखादी फाइल माउसने ओढत पट्टीवरच्या प्रोग्रॅमवर नेऊन सोडायची सवय अनेकांना असते, तेही सुरुवातीला बंद होतं, २०२२ च्या अपडेटमध्ये परत दिलं. म्हणजे लोकांना हे लागतं हे कंपनीला नंतर मान्य करावं लागलं, तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

राइट क्लिकचं असं झालंय की कट, कॉपी, पेस्ट, रीनेम, डिलीट हे शब्द काढून त्यांची नुसती चिन्हं एका आडव्या ओळीत ठेवली, आणि ती ओळ कधी मेनूच्या वर येते कधी खाली, माउस स्क्रीनवर कुठे आहे त्याप्रमाणे. म्हणून तुमचा हात दरवेळी चुकतो. २४एच२ या आवृत्तीत चिन्हांखाली शब्द परत लिहिलेत, तेवढा तरी फरक पडला. तुम्हाला जुना पूर्ण मेनूच हवा असेल तर शिफ्ट दाबून ठेवून राइट क्लिक करा, किंवा मेनूत तळाला शो मोअर ऑप्शन्स आहे. नाव बदलायला तर मेनूत जाऊच नका, फाइलवर एक क्लिक आणि एफ २.

उभ्या पट्टीचं मात्र वाईट वाटतं सांगताना. ११ करताना टास्कबार मुळापासून नव्याने लिहिला गेला आणि पट्टी वर किंवा बाजूला न्यायची सोय त्यात घेतलीच नाही. २०२२ मध्ये कंपनीच्या माणसांनी जाहीर सांगितलं होतं की त्यासाठी सगळी मांडणी हलवण्याचं काम फार मोठं आहे आणि वापरणारे त्या मानाने थोडे आहेत. थोडे असतील, पण रुंद मॉनिटरवर लांबलचक तक्ता बघणाऱ्या माणसाला खालची ती दोन ओळींची जागा किती मोलाची असते हे तक्त्यात काम करणाऱ्यालाच कळतं. तूर्त टास्कबार बिहेवियर्समध्येच ऑटोमॅटिकली हाइड आहे ते लावून बघा, पट्टी लपते आणि माउस खाली नेला की वर येते. बाहेरची काही सॉफ्टवेअर्स जुनी पट्टी परत आणून देतात, पण मोठं अपडेट आलं की ती बिघडतात, कधी तर पट्टीच गायब होते, तेव्हा लोकांच्या पैशाचा हिशोब असलेल्या मशीनवर ती टाकू नका.

आणि साहेबांना एक सांगा, सवय ही वर्षानुवर्षं काम करून कमावलेली असते, न बघता हात योग्य जागी जातो म्हणून तर काउंटरवरचा माणूस दोन मिनिटांत मोकळा होतो. ती मोडली तर काम मंदावणारच, त्यात काम करणाऱ्याचा दोष नाही.

प्रश्न: आमचा कोल्हापुरात डीटीपीचा धंदा आहे, लग्नपत्रिका, अहवाल, वाढदिवसाचे बॅनर. ११ घेतल्यापासून तीन भानगडी झाल्यात. एक, मराठी टायपिंगला बसलं की मधेच भलतीच अक्षरं उमटतात. दोन, काही जुन्या वर्ड फाइलींची पानं सरकली, २४ पानी अहवाल २६ पानांवर गेला. तीन, जुने फॉन्ट टाकले तरी कोरलमध्ये दिसत नाहीत, वर्डमध्ये दिसतात. गिऱ्हाइक थांबत नाही, लवकर सांगा.

उत्तर: दादा, तिन्ही भानगडींची कारणं वेगवेगळी आहेत आणि तिन्ही सुटतात.

पहिली. तुम्ही इनस्क्रिप्टवाले दिसताय, म्हणजे ज्या कीबोर्डवर मराठी अक्षरांच्या जागा ठरलेल्या असतात, इंग्रजी उच्चाराप्रमाणे नसतात. मे २०१९ च्या अपडेटपासून विंडोजमध्ये मराठी फोनेटिक नावाचा, इंग्रजी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा, आणखी एक कीबोर्ड आलाय, आणि तो तुमच्या यादीत येऊन बसलेला असू शकतो. इनस्क्रिप्टमध्ये 'ते' लिहायला तुमचं बोट एल वर आणि मग एस वर जातं, पण मशीन फोनेटिकवर असेल तर तीच दोन बटणं दाबून 'लस' उमटणार. तुम्ही बरोबर टाइप करताय, मशीन चुकीच्या कीबोर्डवर आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग लँग्वेज अँड रीजन, तिथे मराठीसमोरचे तीन ठिपके, लँग्वेज ऑप्शन्स, खाली कीबोर्ड्सची यादी येईल. त्यातला फोनेटिक काढून टाका, इनस्क्रिप्ट राहू द्या. दुकानात दुसरं कुणी फोनेटिकवर काम करत असेल तर काढू नका, विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की कीबोर्ड बदलतो, ते दोघांनाही शिकवा. आणि टायपिंग या भागात अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज आहे, तिथे प्रत्येक अ‍ॅपला वेगळा कीबोर्ड ठेवायची टिक आहे ती लावा, म्हणजे वर्ड मराठीत आणि व्हॉट्सअ‍ॅप इंग्रजीत, एकमेकांत लुडबुड नाही. ही टिक नसली की एका खिडकीत भाषा बदलली की दुसरीतही बदलते, आणि मधेच भलती अक्षरं येण्याचं निम्मं कारण तेच असतं.

दुसरी. अहवाल बहुतेक मंगल फॉन्टमध्ये केलेला असणार. विंडोज ७ पर्यंत देवनागरीसाठी मंगल हाच घरचा फॉन्ट होता, विंडोज ८ पासून त्याची जागा निर्मला यूआयने घेतली, आणि १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे एका वेगळ्या गठ्ठ्यात गेले जो हवा असेल तर टाकायचा. मशीनवर मंगल नसला की वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो, अक्षराची रुंदी आणि ओळीची उंची बदलते, आणि ओळ ओळ करत पानं सरकतात. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स शोधा, तिथे नवीन जोडायचं बटण आहे, त्यात देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स निवडा, नेट लागेल, मग मशीन रीस्टार्ट करून फाइल उघडा. तोपर्यंत त्या फाइलवर सेव्ह मारू नका आणि हाताने ओळी तोडून पानं बसवत तर अजिबात बसू नका, नाहीतर फॉन्ट आला की सगळं पुन्हा उलटं सरकेल.

तिसरी भानगड सगळ्या डीटीपीवाल्यांनी वाचून ठेवा. आता फॉन्टवर डबल क्लिक करून इन्स्टॉल दाबलं की तो फक्त त्या एका यूजरपुरता बसतो, पूर्वीसारखा मशीनच्या मुख्य फॉन्ट फोल्डरमध्ये जात नाही. नवी सॉफ्टवेअर्स दोन्हीकडे बघतात, कोरल आणि पेजमेकरच्या जुन्या आवृत्त्या मात्र मुख्य फोल्डरच बघतात, म्हणून वर्डला दिसतो आणि कोरलला नाही. फॉन्टच्या फाइलवर शिफ्ट धरून राइट क्लिक, इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागेल. सगळे फॉन्ट एकदम सिलेक्ट करूनही होतं.

आणि जाता जाता, श्रीलिपी, आयएसएम असले जुने बिगर-युनिकोड फॉन्ट ज्यांच्याकडे आहेत त्यांच्या वर्षानुवर्षांच्या कामाचा सगळा जीव त्या फॉन्टच्या फाइलींमध्ये असतो. त्या फाइलीत मराठी अक्षर नसतंच, इंग्रजी कोड असतो आणि फॉन्ट त्याला मराठी रूप देतो, फॉन्ट गेला की पत्रिकेच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. अपग्रेडच्या आधी फॉन्टचं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, सॉफ्टवेअरची सीडी नाहीतर इन्स्टॉलर घ्या, डोंगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला मशीनला लावावी लागणारी किल्ली, असेल तर तिचा ड्रायव्हर घ्या.

प्रश्न: माझा लॅपटॉप सहाव्या जनरेशनच्या आय५ चा आहे, ८ जीबी रॅम, एसएसडी टाकलेली, मस्त पळतो. पण ११ साठी चालत नाही म्हणतो. नवीन घ्यायला घरी पैसे मागवत नाही. अकरावीत आहे, नांदेड.

उत्तर: मागू नकोस, लॅपटॉप फेकायची काहीच गरज नाही. ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सिक्योर बूट ही मशीन सुरू होतानाची सुरक्षा आणि इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा प्रोसेसर लागतो, तुझं मशीन चांगलं असूनही तिथे अडतं. चांगल्या चालत्या मशीनला असं दारातूनच परत पाठवणं मलाही पटलेलं नाही. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळायची सोय दिलीय, त्याला ईएसयू म्हणतात, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केलास तर पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलरच्या आसपास. मशीन विंडोज १० च्या २२एच२ या आवृत्तीवर हवं, विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल नाऊ दिसेल.

त्यानंतर लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. पेनड्राइव्हवरून आधी नुसतं चालवून बघता येतं, वायफाय, आवाज, कॅमेरा चालतोय का बघ, मगच टाक. २०११ मध्ये लिनक्सच्या जीनोम नावाच्या डेस्कटॉपने असंच एकाएकी रूप बदललं होतं, खिडक्यांवरचं मिनिमाइजचं बटणसुद्धा काढलं होतं, लोक खूप चिडले आणि त्यातूनच मिंटवाल्यांनी सिनॅमन नावाचा डेस्कटॉप उभा केला, खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, ओळखीचं सगळं. अभ्यासाला भरपूर पुरतं.

प्रश्न: मी लेस्टरला असते, बाबा रत्नागिरीजवळ गावी एकटे असतात. नात्यातल्या एका मुलाने बाबांचा कॉम्प्युटर ११ करून दिला, अकाउंट उघडून दिलं, सगळ्याला यस यस करत गेला. आता बाबा फोनवर सांगतात की डेस्कटॉपवरच्या काही फाइली उघडतात, काही उघडत नाहीत, त्यावर ढगासारखं काहीतरी चित्र आहे, आणि जागा भरली म्हणून रोज मेसेज येतो. गावात नेट जातं तेव्हा तर जमिनीची स्कॅन केलेली कागदपत्रंही उघडत नाहीत. बाबा इतके घाबरलेत की आता कॉम्प्युटरला हातच लावत नाहीत.

उत्तर: आधी बाबांना सांग की कागदपत्रं गेलेली नाहीत, बहुधा सगळी आहेत, फक्त त्यांची जागा बदललीय. आणि डिलीट काहीही करू नका, जागा भरलीय म्हणून तर नाहीच, हे दोनदा सांग.

झालंय असं की सेटअप करताना वनड्राइव्हचा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठवणीचा, बॅकअप चालू झाला. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तिन्ही फोल्डर्स उचलून वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये जातात आणि तिथून इंटरनेटवर चढतात. फुकट जागा ५ जीबी, घरातले फोटो आणि स्कॅन धरले तर ती भरायला वेळ लागत नाही. निळ्या ढगाचं चित्र म्हणजे ती फाइल आत्ता फक्त नेटवर आहे, मशीनवर तिचं नुसतं नाव आहे, म्हणून नेट गेलं की उघडत नाही. हिरव्या भरीव गोळ्यात बरोबरची खूण असेल ती फाइल मशीनवर कायम आहे.

हे बाबांकडून फोनवर करून घेऊ नकोस, दोघांचाही त्रास वाढेल. विंडोजमध्ये क्विक असिस्ट आहे, तुझ्याकडे मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागेल, बाबांना लागत नाही, त्यांनी कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही तीन बटणं एकत्र दाबली की ते उघडतं, तू दिलेला कोड टाकतील आणि मग त्यांची स्क्रीन तुला दिसेल. आणि त्यांना हेही नीट समजाव की असा कोड फक्त तुझ्याकडूनच घ्यायचा, कंपनीतून बोलतोय म्हणणारा कुणी फोनवर कोड टाका म्हणाला तर फोन ठेवून द्यायचा.

मग क्रम असा ठेव, क्रम महत्त्वाचा आहे. फाइल एक्सप्लोररमध्ये वनड्राइव्हचं फोल्डर उघड, आतल्या डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्सवर राइट क्लिक करून ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस निवड. आता सगळं नेटवरून खाली उतरेल, गावाकडच्या नेटवर रात्रभरसुद्धा लागेल, हिरवे भरीव गोळे सगळीकडे येईपर्यंत थांब. त्यानंतर पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर एक पूर्ण कॉपी. हे झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग घड्याळाजवळच्या ढगावर क्लिक, सेटिंग्ज, सिंक अँड बॅकअप, मॅनेज बॅकअप, आणि तिन्ही फोल्डर्स एकेक करून बंद कर. बंद केल्यावर कधीकधी डेस्कटॉप एकदम रिकामा दिसतो आणि माणसाच्या पोटात गोळा येतो, पण फाइली वनड्राइव्ह फोल्डरमधल्या डेस्कटॉपमध्येच असतात, तिथून उचलून जागेवर आणायच्या. कुणी आधीच काही पुसलं असेल तर वेबवर वनड्राइव्हचा रिसायकल बिन बघ, तिथे ३० दिवस राहतं, म्हणून या कामाला उशीर नको.

बॅकअप असण्याला माझा विरोध नाही, पावसात वीज पडून मशीन गेलं तर तोच कामाला येतो. राग याचा येतो की एका म्हाताऱ्या माणसाच्या जमिनीचे कागद कुठे ठेवायचे हे त्याला नीट न विचारता, पुढे पुढे करताना दाबल्या गेलेल्या एका बटणावर ठरतं.

प्रश्न: वय ७२, निवृत्त, पुणे. मुलगा म्हणतो बाबा, जग पुढे गेलं, तुम्ही शिकत नाही. मी एक्सपीपासून सगळ्या विंडोज शिकलो. पण दर वेळी शिकलेलं का मोडायचं? मी चुकीचा आहे का?

उत्तर: काका, अजिबात नाही. तुम्ही शिकायला नाही म्हणत नाही आहात, केलेलं मोडू नका म्हणताय, आणि हे म्हणणारे तुम्ही एकटे नाही. २६ ऑक्टोबर २०१२ ला विंडोज ८ आली तेव्हा स्टार्ट बटनच काढलं होतं, टच स्क्रीनचा जमाना आहे म्हणून. जगभरातून ओरड झाली, त्यात तरुण इंजिनीअरही होते, वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत आलं आणि २०१५ मध्ये विंडोज १० मध्ये पूर्ण मेनू परत आला. वयाचा संबंध असता तर एवढ्या मोठ्या कंपनीने पाऊल मागे घेतलं नसतं.

म्हणून तक्रार नुसती घरात करू नका, कळवा. विंडोजचं बटण धरून एफ दाबा, फीडबॅक हब उघडेल. काय करत होतात, आधी ते किती पायऱ्यांत व्हायचं, आता किती पायऱ्या लागतात एवढं साध्या शब्दांत लिहा, रागाचं वाक्य एकही नको. इंग्रजी लिहायला मुलाला बसवा, तेवढ्यात त्यालाही तुमचं म्हणणं नीट कळेल. आणि तुमच्यासारखीच तक्रार आधी कुणी घातलेली दिसली तर तिला मत द्या, एकावर मतं जमली की ती वर येते.

प्रश्न: मला नकोच ११. परत १० वर जाता येतं का? अपग्रेडला आठवडा झाला. ठाणे.

उत्तर: येतं, पण लगेच ठरवा. सेटिंग्ज, सिस्टीम, रिकव्हरी, तिथे गो बॅक आहे, अपग्रेडनंतर फक्त १० दिवस चालतं. फाइली राहतात, ११ वर आल्यानंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात, तरी आधी बॅकअप घ्याच. अजून विचार करायचा असेल तर ही मुदत ६० दिवसांपर्यंत वाढवायची कमांड आहे, कॉम्प्युटरवाल्याला ओएस अनइन्स्टॉल विंडो वाढवून दे म्हणा, पण तीही या १० दिवसांतच द्यावी लागते. आणि तोवर डिस्क क्लीनअप करू नका, सी ड्राइव्हवर विंडोज डॉट ओल्ड नावाचं मोठं फोल्डर दिसेल, जागा खातंय म्हणून ते पुसलंत तर परतीचा रस्ता बंद. १० वर गेलात की वर नांदेडच्या मुलाला सांगितलंय तसं ईएसयूला नाव नोंदवा, सुरक्षा अपडेटशिवाय त्या मशीनवरून बँकेचं काम करू नका.